दानम्मांचे सरप्राईज

संस्कृतातील 'विस्मय' शब्दाच्या मुळाशी 'स्मि' हा धातू आहे. स्मि म्हणजे हसणे. अवचित काही समोर यावे आणि मुखावर स्मित उमलावे, असा त्या शब्दाचा मूळ स्वभाव. उदगीरच्या दानम्मांच्या वाट्याला मात्र याच अर्थाचा जो इंग्रजी शब्द आला, तो धास्ती घेऊनच आला. त्यांचे सारे आयुष्य अंगणवाडीत गेले. तिथे 'सरप्राईज' म्हणजे न कळवता होणारी तपासणी. "सरप्राईज आलं!" अशी कुजबुज झाली, की खिचडीच्या पातेल्यापासून पोरांच्या नखांपर्यंत सगळे घाईघाईने नीटनेटके करायचे.

त्यामुळे नांदेडला शिक्षिका असलेली त्यांची एकुलती लेक शिवानी फोनवर म्हणाली, "अव्वा, रविवारी तुला सरप्राईज हाय," तेव्हा निवृत्तीनंतर एकट्याच राहणाऱ्या दानम्मांना तपासणीच आठवली. मागे त्या न्हाणीत घसरून पडल्या होत्या. "पुन्हा पडलीस तर घराला कुलूप लावून नांदेडला नेईन," असे शिवानीने बजावले होते. आणि त्या पुन्हा पडल्या होत्या. लेकीला कळू दिले नव्हते इतकेच.

त्या लगोलग डबे घासायला बसल्या. शेजारच्या इंदूताईंनी कुंपणावरून विचारले, "दिवाळी लांब हाय की अजून! डबे कशाला घासायलात?"

"रविवारी सरप्राईज हाय. लेकीचं."

"मग चांगलंच की वो!"

"सरप्राईजमधी कधी चांगलं निघालंय का, इंदूताई?"

रविवारी शिवानी आली. दानम्मा दारात ताठ उभ्या होत्या. सुजलेला गुडघा साडीआड. लेक टेकायच्या आतच त्या म्हणाल्या, "न्हाणी बघ, कोरडी ठणठणीत. गॅसची नळीबी नवी हाय. काय तपासायचं ते तपास, पण मला हितून हलवू नकोस गं."

शिवानी क्षणभर गोंधळली. मग उलगडा होताच तिने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तपासायला न्हाई आले, अव्वा. माझी बदली झालीय. हितंच, उदगीरला. तुझ्याजवळ राहणार."

"कायमची?"

"ठेवून घेणार असशील तर."

"आधी सांगायचं न्हाई व्हय? दूध तरी जास्तीचं घेतलं असतं!" असे रागे भरत दानम्मा मटकन खाली बसल्या. बराच वेळ त्या पदराने डोळे टिपत राहिल्या. मग उठण्यासाठी त्यांनी लेकीपुढे हात केला.

"धर जरा. गुडघा लई दुखतोय. परवा पुन्हा पडले होते मी."