सुधीरची रंगीत वही

हल्ली वेळ जात नाही म्हणून मी वाचनालयात जाऊन बसतो. आज समोरची मुलगी वहीत व्याख्यांखाली लाल आणि सनांखाली हिरव्या रेघा ओढत होती. मध्येच डोळे मिटून ते पान आठवायची.

वसतिगृहात माझा खोलीसोबती सुधीर असाच अभ्यास करायचा. "झाली का रे रांगोळी?" मी चिडवायचो. परीक्षेच्या तोंडावर मात्र त्याचीच वही झेरॉक्सला नेली. दोन दिवसांत मलाही त्या रंगांवरून उत्तरं आठवू लागली, आणि वही सोडवेना. "दुकानात हरवली रे," असं सांगून मी काळीपांढरी झेरॉक्स त्याच्या हातात ठेवली. "सगळं आहे की त्यात!"

त्याने पानं उलटली. "आहे रे सगळं. पण डोळ्यांसमोर काहीच येत नाहीये."

तो नापास झाला. मी पास झाल्याचे पेढे त्यानेच खोल्याखोल्यांतून वाटले.

रंगामुळे गोष्ट लक्षात राहते म्हणतात. माझ्या लक्षात तो काळापांढरा गठ्ठाच राहिला आहे. त्यानंतर कुणाशी फार जवळीक करायची मला भीतीच वाटत आली.

वही हरवली नव्हती. ती माझ्या कपाटात आहे. सुधीरचा पत्ताही माझ्याकडे आहे, पहिल्यापासून.