मागच्या काकू

मागच्या काकूंनी पहिल्याच भेटीत मला चारचौघांत हबकवून सोडलं. नॉटिंगहॅमबाहेरच्या एका जुन्या इस्टेटीत काही स्वयंसेवक दर शनिवारी लोकांना फिरायला नेतात. अँजिओप्लास्टी झाल्यापासून मी चालायलाच घाबरत होतो, म्हणून बायकोने मला तिथे जवळजवळ ढकललंच. कार पार्कमध्ये पिवळं जाकीट घातलेल्या सत्तरीच्या एका बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "मराठी ना? काय, हार्ट?" मी मान हलवली. "मग माझ्याबरोबर मागे चालायचं. पुढचे पळतात मेले."

कुणी मागे राहू नये म्हणून सगळ्यांत शेवटी चालणं हे त्यांचं काम. इस्टेटीच्या जुन्या तबेल्यात आता कॅफे आहे, तिथे फेरी संपते. ग्रुपचा नियम असा, की काकू आत येऊन "ऑल इन", म्हणजे सगळे पोचले, असं म्हणेपर्यंत कपाला कुणी हात लावायचा नाही. इंग्रज माणसं कुणासाठी चहा निवू देतात, यावर माझा कित्येक दिवस विश्वास बसला नव्हता.

"दम लागला की तू गप्प. मी बोलते," असं त्यांनी मला बजावलं होतं. आणि बोलायच्याही. लंडनमध्ये एजवेअरला राहणाऱ्या बहिणीचे गुडघे, कौन्सिलने न उचललेला कचरा, सुनेची बेचव आमटी. फक्त तबेल्याआधीच्या चढावर मध्येच थांबायच्या. "ते हरीण बघ, काय तोरा आहे." मी हरीण बघायचो, तोवर माझी धडधड कमी व्हायची. तेवढा वेळ त्याही गप्प असायच्या. मला लाज वाटू नये म्हणून बाई हरणं दाखवते, असं मी घरी कौतुकाने सांगायचो.

एका शनिवारी काकू दिसल्या नाहीत. ग्रुप चालवणाऱ्या हेलनने गाडीच्या डिकीतून त्यांचं जाकीट काढून माझ्या हातात दिलं. "आज मागे तू." मला वाटलं, काकू वेम्बलीला मुलीकडे गेल्या असतील.

चढावर सवयीने थांबलो. काकूंच्या जाकिटाच्या खिशात नेहमी पेपरमिंट असायच्या, म्हणून हात घातला. हाताला छातीत दुखलं की जिभेखाली मारायच्या स्प्रेची बाटली लागली. अगदी माझ्याकडे आहे तशीच. वर काकूंचं नाव. हरणं कुणासाठी होती?

हेलन कॅफेच्या दारातच उभी होती. माझ्या हातातली बाटली बघून तिचे डोळे भरले. "गुरुवारी गेल्या. झोपेतच. मुलीला सांगून ठेवलं होतं त्यांनी, मला काही झालं तर आधी सगळ्यांना चालू दे, मग सांग. नाहीतर चढ कुणी चढणार नाही."

आत कुणालाच काही माहीत नव्हतं. सगळे कप पुढ्यात ठेवून पिवळ्या जाकिटाकडे बघत होते. चहा निवत चालला होता आणि माझ्या तोंडून ते दोन शब्द काही निघत नव्हते.