म्हशींच्या वाटेवरची बिल्डिंग

आमच्या बिल्डिंगच्या मागे गोठ्यांची आळी आहे. तिथले किस्से उकिरड्यासारखे वाढतात. रोज कोणीतरी एक पाटी आणून टाकतं आणि चार महिन्यांनी बघावं तर डोंगर. ही उपमा एम.ए. झालेल्या बाईला शोभते का, माहीत नाही. पण बदलापूरच्या पुढे, चामटोलीच्या अंगाला राहायला आल्यापासून मला दुसऱ्या सुचतच नाहीत.

लग्नाआधी मी उल्हासनगरची. म्हैस म्हणजे काय, तर दुकानातल्या खव्याची लांबची नातेवाईक, एवढाच माझा परिचय. ह्यांची कंपनी आनंदनगरला, फ्लॅट परवडला तो इथे. सई इथेच झाली आणि तेव्हापासून माझी एकच काळजी होती : पोरगी खात नाही. दीड वर्षाची झाली तरी दुधावरच. नाचणीसत्त्व, मऊ भात, उकडलेलं सफरचंद, सगळं थू. डॉक्टर वजनकाट्याकडे बघायचे, मी डॉक्टरांच्या तोंडाकडे.

तर ही आळी.

*

आमची बिल्डिंग म्हशींच्या जुन्या वाटेवर उभी आहे, हे आम्हाला ताबा घेतल्यावर कळलं. म्हशींना बिल्डिंग झाल्याचं अजून कळलेलं नाही. संध्याकाळी चरून आल्या की सरळ आमच्या पार्किंगमधून जातात, स्कूटरींना अंग घासत.

एकदा चेअरमनकाकांनी गेट बंद करायला लावलं. पंधरा-वीस म्हशी गेटसमोर उभ्या राहिल्या. मागे रिक्षा, रिक्षांच्या मागे कंपनीची बस. सगळे हॉर्न वाजवतायत, म्हशी रवंथ करतायत.

चेअरमनकाका खाली उतरले. म्हशींमागून येणाऱ्या हिरामावशींना म्हणाले, "अहो बाई, त्यांना दुसऱ्या रस्त्याने जायला सांगा."

"सांगून बघा तुम्ही," मावशी म्हणाल्या. "माझं तर लग्न होऊन आल्यापासून ऐकत नाय."

गेट उघडलं. ते आजतागायत उघडंच आहे.

*

मग चेअरमनकाकांना वाटलं, आपण गावाशी जुळवून घ्यावं. सोसायटीच्या पूजेला त्यांनी हिरामावशींचे दीर गोमाभाऊ यांना पाटावर बसवलं आणि माईक दिला. म्हणाले, "गावाचा इतिहास सांगा."

"इथं सगळं गुरचरण होतं," गोमाभाऊ म्हणाले. "आमचा आजा गुरं घेऊन डोंगरावरून उतरला, तवा कपिला गाभण होती."

"साधारण कुठलं साल?"

"सांगितलं ना, कपिला गाभण होती."

"बरं. आणि या बाजूला कारखाने कधी आले?"

"चांदीच्या पहिल्या वेताला."

चेअरमनकाकांनी घाम पुसला. "आणि आपली ही बिल्डिंग?"

"हिचा पाया खणला आणि चांदी आटली."

"म्हणजे आमच्यामुळे?" काकांनी हळूच विचारलं.

"तसं मी नाय बोललो," गोमाभाऊ म्हणाले आणि माईक परत दिला. "प्रसाद कधी वाटणार?"

*

पोरगी नुसत्या दुधावर, म्हणजे दूध तरी चोख हवं. मी माहेरी गेले तेव्हा कॅम्पातल्या बाजारातून दुधातलं पाणी दाखवणारा लॅक्टोमीटर आणला. दुकानदार सिंधी काका म्हणाले, "बेटी, दूध पे शक है तो दही खाओ." मी हसले, पण घेतलाच.

दूध घालायला हिरामावशी स्वतः यायच्या. त्या गेल्या की स्वयंपाकघरात दाराआड हा कार्यक्रम. एक दिवस त्या पातेलीचं झाकण विसरल्या म्हणून परत आल्या. मी भांड्यात काचेची नळी धरून, श्वास रोखून उभी.

मावशींनी नळी बघितली. मला बघितलं. मग फार काळजीने विचारलं, "काय गं, ताप आलाय का दुधाला?"

त्या दिवसापासून आळीत कोणाच्या घरी दूध नासलं की निरोप यायचा, "वरच्या वयनीला बोलवा, काचेची नळी घेऊन."

*

एकदा गुरांचे डॉक्टर लस टोचायला आले. मी सईला कडेवर घेऊन बघत होते. मावशींनी त्यांना माझ्यादेखत सांगितलं, "सायब, हिची पोर खात नाय. मोरीचं रेडकू तिच्याएवढंच, बघा केवढं झालंय." मोरी म्हणजे त्यांची लाडकी म्हैस. त्या रेडकाशी तुलना मी रोजच ऐकत होते. खोटं कशाला बोलू, वजनं मी मनातल्या मनात जुळवूनही बघितली होती.

डॉक्टर संकोचले. पण सवयीने त्यांची नजर सईवरून फिरली. "डोळे चमकतायत," ते म्हणाले. "आवाज झाला की मान वळवते. नाक ओलं आहे."

"सर्दी आहे," मी म्हणाले.

"असू दे. जनावर ठणठणीत आहे."

रात्री मी ह्यांना भीतभीतच सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "बरं केलंस. सेकंड ओपिनियन घ्यायलाच हवं."

*

मोरी पुन्हा व्याली. आळीत व्यालेल्या म्हशीचं बाळंतपण घरच्या सुनेसारखं होतं. बाजरी शिजवतात, त्यात गूळ, बाळंतशेपा, किसलेलं खोबरं घालतात आणि कोमट झालं की घमेल्यात पुढे ठेवतात.

त्या दिवशी सकाळी मी सईचा नाचणीचा वाडगा घेऊन आळीतच गेले होते, गुरं दाखवत दोन घास जातील या आशेने. एकही गेला नाही. मावशींकडे रडगाणं गायला वळले आणि बघते तर मागे सई नाही.

अंगणात नाही, विहिरीपाशी नाही. धावत गोठ्यात शिरले, मावशी माझ्या मागोमाग.

मोरीपुढे घमेलं होतं. एका बाजूने मोरीचं तोंड आत. दुसऱ्या बाजूला सई उकिडवी बसलेली, दोन्ही मुठी भरलेल्या, गालापासून कपाळापर्यंत बाजरी. ती चावत होती. गिळत होती. परत हात घालत होती.

"मावशी, ती म्हशीचं खातेय," मी कसंबसं म्हणाले आणि तिला उचलायला पुढे झाले.

हिरामावशींनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोघी जेवतायत."

मग तशाच मागे वळून चुलीपाशी बसलेल्या गोमाभाऊंना म्हणाल्या, "भाऊजी, उद्यापासून एक मूठ बाजरी जास्त टाका."