धुक्यातलं ‘थांब’

भुतंखेतं, दैवी संकेत... या सगळ्यावर मी आयुष्यभर हसत आले. मूळची नागपूरची, बॉटनीची प्रोफेसर. गेली कित्येक वर्षं अलास्कातल्या टुंड्रावरच्या वनस्पतींचा अभ्यास करतेय. घोट्याएवढी विलोची झुडपं, कापसासारखे तुरे धरणारं गवत — हेच माझं जग. तरीही हे लिहितेय, कारण युनिव्हर्सिटीत कुणाला सांगणार?

गेल्या उन्हाळ्यात ब्रूक्स पर्वतरांगेच्या उत्तरेला आम्ही दोघीच फील्डवर होतो. मी आणि माझी पीएचडीची विद्यार्थिनी केटी. सर्दीने माझा घसा पार बसलेला. आवाजच फुटत नव्हता. सकाळपासून सगळं हातवाऱ्यांवर चाललं होतं. दुपारी केटी नदीकडच्या, आम्ही अभ्यासासाठी आखलेल्या प्लॉटवर पानं गोळा करायला गेली. मी रस्त्यालगत, ट्रकपाशी थांबले. आणि समुद्राकडून धुकं आलं. बघता बघता ट्रकचं बॉनेटही दिसेना!

रेडिओवर नुसती खरखर. शिट्टी फुंकली. हॉर्न दाबून धरला. काहीच उत्तर नाही. नदीचं पाणी बर्फासारखं, त्यात पडलेला माणूस फार वेळ टिकत नाही. शोधायला जावं तर मीही हरवणार. हॉर्न दाबत मनातल्या मनात एकच चाललं होतं — ये गं, ये बाळा, हळू ये...

बऱ्याच वेळाने धुक्यातून तिचं लाल जॅकेट दिसलं. मी धावत जाऊन तिला मिठी मारली आणि रडायलाच लागले.

“तुमचा आवाज परत आला ना?” तिने इंग्लिशमध्ये विचारलं.

मी मान हलवून नाही म्हटलं.

“मग हाका कोण मारत होतं? तुमच्याच भाषेत! मी त्या आवाजाच्या रोखाने आले. मध्येच केवढ्यांदा ओरडलात... ‘टांब’! अर्थ कळला नाही, पण दचकून उभीच राहिले.”

मी हॉर्नकडे बोट दाखवलं. “हॉर्न? मी नाही ऐकला,” केटी म्हणाली.

धुकं विरल्यावर आम्ही नदीकडे गेलो. शेवाळात तिच्या बुटांचे ठसे नदीच्या काठापर्यंत होते, तिथे थबकून ट्रकच्या दिशेने वळलेले. काठ खालून पोखरलेला. आणखी एक पाऊल, आणि...

माझा नवरा दूर, बेलव्ह्यू शहरात नोकरी करतो. फोनवर सगळं ऐकून तो म्हणाला, “अगं, तू फोनवर बोलताना मराठी तिच्या कानावर पडलं असणार. घाबरल्यावर मेंदू काहीही ऐकवतो.” असेलही. पण धुक्यात तो काठ तिच्या मेंदूला कसा दिसला? आणि ‘ये, ये’ म्हणत होते मी. ‘थांब’ तर मनातही म्हटलं नव्हतं.

उत्तर आजही नाही. खरं सांगू? फारसं शोधतही नाही. पोरगी हातीपायी धड परत आली, बस्स.

नंतर तिच्या आईचा फोन आला. “तुम्ही तिला हाका मारत राहिलात... थँक यू,” म्हणाली आणि रडू लागली. ‘मी नव्हते हो,’ असं अगदी ओठांवर आलं होतं.

“यू आर वेलकम,” म्हटलं. जे कुणी होतं, त्याच्या वतीने.