मांजराच्या पोटातली भाकरी
नव्या प्लायवूडच्या कपाटाचं दार उघडलं, आतल्या उग्र वासानं डोळे चरचरले आणि जालन्याच्या कॉलेजातली ती प्रयोगशाळा आठवली. बाहेर उन्हाचा फुफाटा, आत मेलेले प्राणी टिकवायच्या फॉर्मालिनचा तसलाच वास. ट्रेमध्ये राखाडी मांजर उताणं पडलेलं, चारही पाय सुतळीनं ताणून बांधलेले, केस ओले, अंगाला चिकटलेले. बदनापूरहून रेल्वेनं येणारी माझी मैत्रीण आणि मी, दोघींत ते एक. मी कातडी धरली, तिनं कात्री चालवली. रबरासारखं जठर चिरलं, तर आतून पांढरट गोळे निघाले. तिनं चिमट्यानं एक फोडला. "भाकर हाये गं ही, ज्वारीची. कुणीतरी कुस्करून घातलेली." मी टेबलांमधून फिरणाऱ्या सरांना विचारलं, "सर, हे पाळलेलं होतं का?" सर हसले. "पाळलेलं कशाला? दूधभाकर ठेवली की कोणतंबी मांजर जवळ येतंय, मंग धरायला सोपं जातं. चला, जल्दी आतडं मोकळं करा." आम्ही ते मोकळं केलं. दुपारी मैत्रिणीनं डबा उघडला, आतली भाकरी पाहिली आणि झाकण लावून टाकलं. आता माझ्या दारात एक मांजर येतं. भाकरी दुधात कुस्करून मी वाटी ठेवते आणि ते जवळ येण्याआधीच घाईनं आत वळते. पण ते वाटी सोडून आधी माझ्या पायांना अंग घासायला येतं.