शेवटचं कडवं कोणी कापलं

"हात वर. अजून वर. मागच्यांना दिसू दे."

मी हात अजून वर केला. जालन्यातल्या आमच्या कॉलेजचा हॉल खचाखच भरलेला. स्टेजवर पुण्याहून आलेला गेम स्टुडिओचा मालक. पायरसीने गेमचा धंदा कसा बुडतो, यावर त्याचं भाषण होतं. बोलता बोलता त्याने विचारलं, "चोरीचा, क्रॅक केलेला गेम कोणी कोणी खेळलाय? खरं सांगा, मी काही पोलीस नाही." सगळे हसले. हात वर केला एकटीने. मी.

माझ्या शेजारी बसलेल्या दोघींनी गेम माझ्याच पेनड्राइव्हवरून घेतले होते. पुढच्या रांगेत डॉक्टरांची, अडत्यांची, प्राध्यापकांची पोरं. त्यांच्या लॅपटॉपमध्ये काय काय भरलंय ते मला पाठ होतं. सगळ्यांचे हात मांडीवर. मला वाटलं, खरं विचारतोय तर खरं सांगावं.

त्याने मला स्टेजवर बोलावलं. नाव विचारलं. मी सांगितलं. "पूर्ण नाव सांग." आडनाव ऐकलं आणि त्याच्या तोंडावर ते हसू आलं. ते हसू आम्ही बालवाडीपासून ओळखतो.

"ही बघा, प्रामाणिक चोर," तो माइकमध्ये म्हणाला. "नेटवर मिळालं म्हणजे फुकट नसतं, बाळ. कोणाच्या तरी घामाचं असतं. पण काही लोकांना सरकारनेच फुकटाची सवय लावलीय. फी फुकट, सीट फुकट, मग गेमही फुकट."

टाळ्या पडल्या. आमचे विभागप्रमुख सर पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते. मी स्टेजवर उभी, हात अजून अर्धा वरच. खाली घ्यायचं सुचलंच नाही.

आता फुकट म्हणजे काय ते माझ्याकडून ऐका.

अण्णा, म्हणजे माझे वडील, परतूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाल. दिवसभर पोती वाहतात आणि भीमजयंतीला गायन पार्टीत गातात. गाणी स्वतःच रचतात. आमच्यात एक रीत आहे. गाणं रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफतो. आमच्या आज्या-पणज्यांची नावं छापायला कोण बसलं होतं? म्हणून नाव गाण्यातच ठेवायचं. दुसऱ्या गावच्या पार्टीने गाणं म्हटलं तरी ते नावासकट म्हणतात. शेवटचं कडवं गाळणाऱ्याला लोक स्टेजवरून खाली उतरवतात. मी स्वतः बघितलंय.

स्टेशन रोडला रफिकभाईचं मोबाइलचं दुकान आहे. एका जयंतीला त्याने अण्णांचं गाणं मोबाइलवर टिपलं. पहिल्याच ओळीला स्टेशनात गाडीचा भोंगा वाजला, तोही त्यात आला. रफिकभाई लोकांना मेमरी कार्ड भरून द्यायचा. सिनेमे, गाणी, गेम. सगळं चोरीचं. कायद्याने बघाल तर पक्का चोर. माझा पहिला गेम त्याच्याकडचाच. पुढे गेम बनवायचं सॉफ्टवेअरही त्यानेच माझ्या जुनाट कॉम्प्युटरवर क्रॅक करून घातलं. मी पैसे पुढे केले तर म्हणाला, "रहने दे बेटी, जल्दी सीख."

पायरसीने नुकसान होतं का? होतं. खोटं कशाला बोलू? गायन पार्टीने पदरमोड करून सीडी काढली, तर तीर्थपुरीच्या बाजारात आमच्याआधी रफिकभाईने काढलेल्या तिच्या कॉप्या पोचल्या. आमच्या सीड्या ट्रंकेत पडून राहिल्या. अण्णा रफिकभाईशी कडाकडा भांडले, कितीतरी दिवस त्याच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. पण त्याच कॉप्या ऐकून पार राजूरकडून माणसं शोधत आली. "परतूरचा किसन तो तुम्हीच का?" असं विचारत दारात उभी राहिली. अण्णांना असं कोणी शोधत आलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं.

आणि मोठ्या कंपन्यांचं म्हणाल, तर एका गेमच्या किमतीत आमच्या घरात महिन्याचा किराणा येतो. मी तो गेम विकत घेणारच नव्हते. जे गिऱ्हाईक कधी नव्हतंच, ते गेलं म्हणून हे रडतात. ज्याच्या खिशात पैसे असून तो चोरतो, त्याच्याकडून वसूल करा की. त्याला पहिल्या रांगेत खुर्ची देता आणि मला स्टेजवर उभी करता!

तर मी स्टेजवर. मला बाजूला उभी ठेवून त्याने आपला नवा गेम पडद्यावर लावला. "घाम म्हणजे काय ते बघ," म्हणाला.

गेम मराठवाड्यातल्या बाजारगावाचा. हिरो मोटरसायकलवर. वाटेत पोत्याखाली वाकलेला एक हमाल येतो. काळा, वेडाविद्रा काढलेला. हिरो त्याला गाडीचा धक्का देतो, हमाल पोत्यासकट तोंडावर आपटतो आणि कोपऱ्यात पॉइंट वाढतात. हॉल खदाखदा हसला. हमाल पडताना मागून गाणं वाजलं.

पाठीवरती पोतं माझ्या, पोतं माझ्या...

अण्णांचा आवाज. आणि त्यात गाडीचा भोंगा. आमच्या परतूर स्टेशनचा.

गाणं पुढे असं आहे, "मान तरी ही ताठ, भीमरायानं दाविली रं शाळेची ही वाट." ते नव्हतं. मान कापली, भीमराया कापला. शेवटी येतं, "परतूरचा किसन गातो, ऐका आयाबायांनो." तेही कापलं. ठेवलं काय, तर पोतं. पुन्हा पुन्हा तेवढंच. हमाल पडतोय, पोतं वाजतंय, पोरं हसतायत.

"सर, हे गाणं माझ्या वडिलांचं आहे."

"लोकगीत आहे गं ते," तो माइकवरच म्हणाला. "नेटवर फिरत होतं. असलं काही कोणाचं नसतं."

नेटवर मिळालं म्हणजे फुकट नसतं, असं आत्ताच म्हणाला होता. त्याच माइकवर. मला ते तिथल्या तिथे त्याच्या तोंडावर मारायचं होतं. पण सरांनी खुणेने खाली बोलावलं आणि मी मुकाट उतरले. त्या मुकाट उतरण्याची मला आजही चीड येते.

संध्याकाळी परतूरला घरी आले. अण्णा मोंढ्यातून येऊन हातपाय धूत होते. मी सगळं सांगितलं.

"माझंच हाय का ते, बराबर ऐकलंस?"

"भोंग्यासकट हाय, अण्णा."

"शेवटचं कडवं हाय?"

"न्हाई. भीमरायाचं बी न्हाई."

ते टॉवेल हातात धरून बसले. "रफिक्यासंगं उगाच भांडलो म्या. त्यानं पैसा बुडवला, पण नाव न्हाई काढलं कधी." मग विचारलं, "अन् त्या हमालाला पाडतेत?"

"हो."

"लोक हसले?"

"हसले."

"मंग तिथं बोलायचं सोडून तू इथं काय करून राह्यलीस, बाई?"

ते ओरडले नाहीत, पण मला सपकन लागलं. इतकी वर्षं मी त्या लोकांसारखं होण्यासाठी शिकत होते. त्यांच्यासारखं बोलायचं, त्यांच्यासारखे गेम करायचे, आडनाव हळू आवाजात सांगायचं. ते त्या संध्याकाळी संपलं.

पुढच्या आठवड्यात सरांनी केबिनमध्ये बोलावलं. आत तो मालक. टेबलावर दोन कागद. एकात मला त्याच्या स्टुडिओत नोकरी. दुसऱ्यात लिहिलेलं, की गाणं पारंपरिक आहे, कर्ता अज्ञात आहे आणि आमची काही हरकत नाही. खाली अण्णांच्या सहीची जागा.

"अगं, करिअर होईल तुझं," सर म्हणाले. "वडिलांना काय कळतंय यातलं? सही घेऊन ये."

मला ती नोकरी हवी होती. किती हवी होती ते मलाच ठाऊक. तरी मी विचारलं, "शेवटचं कडवं घालणार का? नाव देणार का? हमालाला पाडणं काढणार का?"

"भीमराव वगैरे नको," मालक म्हणाला. "उगाच वाद होतात. गेम सगळ्यांसाठी आहे."

सगळ्यांसाठी! त्या सगळ्यांत आम्ही कुठं? तोंडावर पडायला तेवढे आम्ही.

मी म्हणाले, "मी क्रॅक केलेले गेम खेळले. गेम संपला की बनवणाऱ्यांची नावं पडद्यावर वर सरकत जातात. ती मी शेवटपर्यंत वाचायचे. एकाचंही नाव मी पुसलं नाही. तुम्ही माझ्या बापाचं पुसलं."

"तू चोरी कबूल केलीयस," तो म्हणाला. "सगळ्या कॉलेजसमोर. जरा जपून बोल."

"केलीय. आता तुमची पाळी."

दोन्ही कागद त्याच्याकडे सरकवले आणि निघाले. सर मागून ओरडत होते, की तुम्हा लोकांना चांगलं केलेलं कळत नाही. मी वळून बघितलं नाही.

नोकरी गेली. कॉलेजातून शिफारस मिळाली नाही. जालन्यातल्या एका वकीलबाईंनी अण्णांच्या नावाने नोटीस धाडली आणि आता केस उभी आहे. निरोप येतात, मिटवून टाका म्हणून. मिटवणार नाही. अण्णा म्हणतात, कडवं घाला, बाकी बोलू नका.

इकडे मी माझा गेम करतेय. त्यातला हमाल पोतं घेऊन ताठ चालतो, त्याला धक्का देणारा स्वतःच आपटतो आणि गाणं शेवटपर्यंत वाजतं. रफिकभाई तो कार्डात भरून वाटणार, हे मला दिसतंय. पैसा बुडेल, मला लागेलही. बुडू दे. ज्याला परवडतं त्याने विकत घ्यावा, ज्याला परवडत नाही त्याने कॉपी करावी. कडव्याला हात लावणाऱ्याला मात्र मी सोडणार नाही.

आणि तू, पुण्याच्या साहेबा. साक्षीला उभी राहीन तेव्हा कोर्टाला मी तुझाच प्रश्न विचारायला सांगणार आहे. चोरीचं कोणी वापरलंय? माझा हात वर असेल. अजून वर, मागच्यांना दिसेल असा. तुझा वर करायला लावल्याशिवाय मी तो खाली घेणार नाही.