एकटीनं ओढायची सुरमई

आमचे यजमान कागदावर पाइप, पंप, वाटेल ते काढायचे. पण समुद्राचं नाव काढलं की त्यांना बोट लागायची. तरी मासे धरण्याच्या स्पर्धेत नाव दिलं त्यांनीच. साठीच्या दशकातली गोष्ट. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं, हे तिथंच नोकरीला होते आणि तिथल्या अमेरिकन साहेबांना गळाची काठी घेऊन मोठाले मासे धरायचा भारी नाद. दिवाळीनंतर समुद्र निवला, तशी त्यांनी एका रविवारी स्पर्धा ठरवली. साहेबाला नाही कसं म्हणायचं, म्हणून हे हो म्हणून आले, आणि शनिवारपर्यंत नुसत्या विचारानंच पांढरे पडले.

"मी जाते," मी म्हटलं. मडमाही जाणारच होत्या. माझं माहेर सोलापूरकडचं. विहिरीपेक्षा मोठं पाणी मी लग्नानंतरच पाहिलं. पण त्या विहिरीत मी उलट्या उड्या मारल्या होत्या, त्यामुळे अंगात तोरा होता.

घोडं अडलं ते होडीपाशी. साहेबांनी नवापूरच्या होड्या ठरवल्या होत्या आणि आमच्या वाट्याला आली ती नेमकी माझ्या कोळणीच्या नवऱ्याची. ही कोळीण रोज आमच्या दारात टोपली उतरवायची. मासे साफ करायला मला तिनंच शिकवलं, आणि शिकवताना माझी मनसोक्त टिंगलही केली. तिचा नवरा त्या होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. त्यानं अंगणात येऊन साफ सांगितलं, "बायमानूस माज्या व्हडीत नाय. म्हावरा पलतो."

झालं! नवरा-बायकोची तिथंच जुंपली. "लग्नाला वीस वर्सा झाली," ती म्हणाली, "तुजा म्हावरा मी सुकवते, मीच इकते, पन तुज्या व्हडीत मी पाय नाय ठेवला. आता या बायला ने. म्हावरा नाय गावला तर मी परत कवा बोलनार नाय. गावला तर तू नाय बोलायचा."

तांडेल मान खाजवत कबूल झाला. ती माझ्याकडे वळली. "रिकामी येव नको, बाय. मना जल्मभर गप बसाया लागंल."

ती गप्प बसली आहे, हे चित्रच मला सोसेना. कप कुणाला का मिळेना, मासा मात्र आता हवाच होता.

स्पर्धेत एक नियम कडक होता. काठी धरली त्यानंच मासा ओढायचा. दुसऱ्याचा हात लागला की मासा बाद. यजमानांनी तो मला तीनदा समजावला. तांडेलाला आणि त्याच्या दोन माणसांना सांगायचं मात्र आम्हां दोघांनाही सुचलं नाही.

रविवारी उजाडताच निघालो. दुपार झाली तरी गळाला काही लागेना. शेजारच्या होडीत दोनदा आरडाओरडा झाला, आमच्याकडे सामसूम. तांडेल माझ्या पायांकडे असा बघायचा, की ते कुठं लपवावे ते कळेना. कोळणीचा चेहरा आठवून मला रडूच येत होतं.

आणि एकदम काठी वाकली. दोरी सरसर सुटली. मी पदर खोचला आणि होडीच्या फळीला पाय रोवले. ओढायचं, गुंडाळायचं, की मासा पुन्हा सगळी दोरी घेऊन पळायचा. दूरवर पाण्याबाहेर उसळला तेव्हा दिसलं, सुरमई होती. चांगली माझ्या खांद्याला लागेल एवढी! माझा पाय घसरला, आणि त्याच क्षणी तांडेलानं झेप घेऊन काठी धरली. एकानं माझी कंबर धरली, दुसऱ्यानं दोरी. मला नियम चांगला आठवत होता. "सोडा" म्हणायला हवं होतं. मी ओरडले, "सोडू नका!"

चिंचणीच्या किनाऱ्यावर वजनकाटा टांगला होता. आमच्या सुरमईच्या जवळपासही कुणाचा मासा नव्हता. टाळ्या पडल्या. मग साहेबानं रिवाजाप्रमाणे विचारलं आणि यजमानांनी मराठीत सांगितलं, "काठीला दुसऱ्या कुणाचा हात लागला का?"

मी खरं बोलणार होते की नाही, ते आजही मला छातीठोक सांगता येत नाही. पण तांडेलानं मला तोंडच उघडू दिलं नाही. त्याला तो प्रश्न अपमानाचा वाटला.

"लागला म्हंजे? बाय एकली झगडते आनि आमी बगत बसनार? अशी रीत नाय आमची!"

"मी बी वडली!" दुसरा पुढं झाला. "मी कंबर धरलेली," तिसरा म्हणाला. ज्याचा हात लागला त्याचा वाटा, आणि जो बसून राहिला त्याला गावात तोंड नाही, असा त्यांचा हिशेब. यजमानांनी कपाळाला हात लावला आणि इमानदारीत सगळं साहेबाला सांगितलं. साहेब हसून हसून लाल झाला. कप एका मडमेला गेला.

नियम समजावल्यावरही तांडेलाला तो पटेना. "एकल्यानं वडायचा, तर व्हडीत येवडी मानसा कशाला?"

मग त्यानं तिथंच वाळूत फळी मांडून सुरमई कापली आणि चार वाटे केले. पहिला माझ्यापुढं सरकवला. "हा तुजा, बाय. हाताचा." शाळेत बक्षिसं मिळाली होती, पण एवढा आनंद कधी झाला नव्हता.

कोळीण टोपली घेऊन तिथं उभीच होती. तिनं सुरमईकडे पाहिलंसुद्धा नाही. एरवी ती घरी नवापूरला पायी जायची. आज सरळ परत निघालेल्या होडीपाशी गेली, टोपली आत ठेवली आणि कासोटा घट्ट केला. तांडेलानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्यानं तिला वर घ्यायला हात पुढं केला.

"हात लावू नको," ती म्हणाली, "नायतर मना बी बाद करतील." आणि एकटीच वर चढली.